शंभर टक्क्यांचा कौल

त्या रविवारी गावदेवीच्या देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. लग्न नव्हतं, जत्रा नव्हती, कोणाचा नवसही फेडायचा नव्हता. चौथीच्या पोरांची केंद्र परीक्षा आली होती, आणि ती द्यायला भिवंडीला कोणी जायचं आणि कोणी घरी बसायचं, हे देवी सांगणार होती!

हसू नका. ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची आहे. गावात रेडिओ होता, वर्तमानपत्र येत होतं, आणि रस्त्यापलीकडच्या शेडमधल्या मागांची खडखड दिवसरात्र कानावर पडत होती. तरी पोराला परीक्षेला बसवायचं की नाही, हे विचारायला लोक शाळेत जात नव्हते, देवळात जात होते.

कारणही तसंच होतं. तीन वर्षांपूर्वी ह्या गावच्या शाळेचा निकाल इतका वाईट लागला की हेडमास्तर केसरीनाथ यांना शिक्षणखात्याच्या साहेबांनी सगळ्या केंद्रासमोर उभं करून झाडलं. तेव्हा गावदेवीचा चिंधू भगत म्हणाला, "मास्तर, आईला इचारल्याबिगर पोरं धाडता, मंग काय व्हनार?" पुढच्या वर्षी विचारून धाडली. निकाल शंभर टक्के! त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा शंभर टक्के! शाळेला ढाल मिळाली, हेडमास्तरांना हार मिळाला, आणि भगताला इतकी कोंबडी मिळाली की त्याच्या घरातून सकाळी गावाला आरवणं ऐकू येई.

कौलाची रीत जुनीच. देवीच्या काळ्या दगडाला पाणी लावायचं, दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक कळी चिकटवायची आणि वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सोयरीक असो, विहीर असो, हरवलेली म्हैस असो, गाव पिढ्यान्‌पिढ्या असंच विचारत आलं होतं. भगतानं त्यात एकच भर घातली होती. कौल लावण्याआधी पोरानं देवीला सतराचा पाढा ऐकवायचा.

"आईला पाढा आवरतो!" भगत डोळे फिरवून ओरडायचा. तिकडच्या बोलीत 'ड-ढ'चा पुष्कळदा 'र' होतो, म्हणून आवडतो ते आवरतो. "सरकार पेपर काढंल, मास्तर मार्क देईल, पन निकाल लावनार ती माउली! बोल रं पोरा, सतरा एके सतरा! आई कान देऊन ऐकतंय!"

गावदेवीला पाढ्यांचा नाद कधीपासून लागला, हे मात्र कोणी विचारलं नाही. पूर्वी तिला नुसतं कोंबडं चालायचं.

गर्दीच्या मागं, शेवग्याच्या झाडाखाली वाल्मीक गुरुजी उभे होते. चौथीचा वर्ग त्यांचाच. जूनमध्ये बदली होऊन ते इथं आले होते. देवळात ते गेले नव्हते. बौद्ध माणूस, आत या असं कोणी म्हणालं नव्हतं आणि येऊ नका असंही नाही. तेरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी शाळा बदलल्या, पण भगत काही बदलला नाही. कुठं तो अंगात आणायचा, कुठं मंतरलेलं पाणी द्यायचा, कुठं गुप्तधन दाखवायचा. प्रत्येक गावात गुरुजींनी वाद घातला आणि प्रत्येक वेळी बदलीचा कागद त्यांच्याच हातात पडला. आता त्यांना वाद नको होता. पोरं शिकवावीत, संध्याकाळी घरी जावं, भाकरी खावी आणि झोपावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

एकेक पोर पुढं होत होतं. धडाधड पाढा म्हणणाऱ्याची उजवी कळी पडायची आणि आया हात जोडायच्या. चाचरणाऱ्याची डावी पडायची आणि भगत त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, "यंदा न्हाय रं बाबा. आईचा शबूद मोडू नको, घराला बाधा व्हईल."

सर्वांत शेवटी काशी आली. गुरुजी झाडाला टेकले होते ते सरळ झाले. काशी म्हणजे त्यांच्या वर्गातलं पहिलं पोर. गणित पाटीवर घातलं की इतरांनी पेन्सिल उचलायच्या आत हिचं उत्तर तयार. फक्त बोलायला उभी केली की तिची जीभ अडायची. काशी तोतरी होती.

"स-सतरा एके स-स-स..." काशीचा चेहरा लाल झाला. मागची पोरं खिदळली. तिनं दोनदा आवंढा गिळला आणि म्हणाली, "मी लि-लिहून दाखवू द-देवीला?"

"आई कानानं ऐकतंय!" भगत खेकसला. "तिला काय पाटी दावतंस?"

त्यानं दोन कळ्या उचलल्या. एक पाण्यात बुडवली. दुसरी ताटातल्या घट्ट पेजेला टेकवली, "आईचा निवेद" असं पुटपुटला आणि दोन्ही खांद्यांवर लावल्या. थोड्या वेळानं डावी कळी टपकन खाली पडली. उजवी जागच्या जागी.

"नकार! पक्का नकार!" भगतानं हात वर केले. "ही उजवी आता कोनी कारायची न्हाय. आपसूक परंल तवा परंल."

काशीची आई ठकुबाई तोंडाला पदर लावून तशीच उभी राहिली. गुरुजींच्या मनात आलं, ह्या देवीला ऐकू येतं, पण वाचता येत नाही की काय? विचार चेष्टेनंच आला होता. पण घरी जाताना तो त्यांच्याबरोबर चालत राहिला.

सोमवारी शाळा भरायच्या आधीच ते हेडमास्तरांकडे गेले.

"सर, काशीला परीक्षेला बसवलं पाहिजे."

केसरीनाथांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला आला होता आणि घाबरट होता. "गुरुजी, तुमचं सगळं बरोबर. पण गाव ऐकेल का? आणि शंभर टक्के निकाल लागतोय, तर आपण का नाट लावायचा?"

"आणि ज्यांना कौल मिळत नाही ती पोरं पुढं काय करतात?"

"करतात काहीतरी. तुम्ही नवीन आहात. चिंधूच्या नादी लागू नका. भिवंडीच्या सायझिंगमध्ये सुताची खळ ढवळायला होता तेव्हापासून मी त्याला ओळखतो. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस आहे."

गुरुजींनी मान हलवली आणि वर्गावर गेले. काशीची जागा रिकामी होती.

संध्याकाळी ते तिच्या घरी गेले. ठकुबाई अंगणात चूल पेटवत होती. रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकऱ्यांचं पीठ परातीत होतं. गुरुजींना बघून ती उठली, घोंगडी टाकली, पण नजर काही वर केली नाही.

"काशी कुठं आहे?"

"कांडीवर. शेटला सांगतलंय. आजपासून मागाच्या कांड्या भरते. तिचा बापूस दुसऱ्या पालीला हाय, त्याच शेडमदी."

"ठकुबाई, पोरगी पास होणार आहे. लिहून घ्या माझ्याकडून."

"गुर्जी, मना काय पोरगी जड झालीय?" ठकुबाईचा आवाज एकदम चढला. "मीच भरते ना कांड्या, आट वरसं झाली! बोटं बघा माजी. म्हून तं तिला शालंत घातली. पन आईनं न्हाय सांगतलं. उद्या घरात कोनाचं बरंवाईट झालं तं तुमी येनार का? तुमी तं बदली करून जानार!"

ती बोलत होती ते खरं होतं, हे गुरुजींना ठाऊक होतं. ते उठले. वाटेत मागांच्या शेडच्या खिडकीतून त्यांनी आत पाहिलं. काशी चाकापाशी उकिडवी बसून कांडीवर सूत गुंडाळत होती आणि केसांवर कापसाची पांढरी भुकटी साचली होती. तिनं गुरुजींना पाहिलं आणि मान खाली घातली. तिच्या शेजारी आणखी पोरं होती, सगळी तिच्याच वयाची, एखाद्या वर्षानं मोठी. एक मोठ्या कानांचा मुलगा ओळखीचा वाटला. शाळेत लावलेल्या जुन्या सहलीच्या फोटोत तो होता.

भिवंडीतल्या आपल्या खोलीवर ते पोचले तेव्हा मीराबाई, त्यांची बायको, खिडकीच्या फुटक्या काचेवर जुना कागद चिकटवत होती. चाळीमागंच सायझिंगचा कारखाना. सुताला पाजायची खळ तिथं रोज शिजे, आणि वाटीभर मागितली की कामगार देत. आख्खी चाळ पतंगापासून पुस्तकाच्या पुठ्ठ्यापर्यंत सगळं त्या खळीनंच चिकटवायची.

"पाण्यानं चिकटवला होता," मीराबाई म्हणाली, "वाळला की पडतोय मेला. आता खळ लावलीय. बघू कसा पडतो."

गुरुजी चप्पल काढता काढता थांबले. एक कळी पाण्यात, दुसरी पेजेत. सायझिंगमध्ये खळ ढवळणारा चिंधू.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. आपल्या मुलीची पाटी दे. आणि ती खळ."

समोरच्या कुंपणावर तगर फुललेली होती. पाटी भिंतीला उभी केली, ओली केली, एक कळी पाण्यानं लावली, एक खळीनं. पाणी सुकलं आणि पहिली पडली. दुसरी तशीच बसली. बाजू बदलली, तर निकाल बदलला. गुरुजी हसले, मग हसू विरलं, आणि ते भिंतीला पाठ लावून खाली बसले. इतकं सोपं होतं हे. इतक्या सोप्या गोष्टीपायी शेडमध्ये पोरं बसली होती.

गुरुजींनी कौलाची हकीकत सांगितली तेव्हा मीराबाईला सगळं कळलं. तिनं कपाळाला हात लावला. "पुन्हा तेच? यंदा तरी गप्प बसा हो. परत बोचकी बांधायची का?"

"मलाही नकोय ग," गुरुजी म्हणाले. "खरंच कंटाळा आलाय."

मीराबाईनं खिडकीवरच्या कागदावरून एकदा हात फिरवला. मग खळीची वाटी त्यांच्याकडं सरकवून म्हणाली, "ही एवढीशी पुरणार नाही. डबा घेऊन जा."

परीक्षेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, शाळेत नारळ फोडायची पद्धत होती. होकार मिळालेल्या पोरांना भगत अंगारा लावायचा. गाव जमलं. भगत झूल घातलेल्या बैलासारखा मिरवत आला आणि पाहतो तो काय, व्हरांड्यात भिंतीला टेकून ओळीनं पाट्या उभ्या, प्रत्येक पाटीपुढं एक पोर, आणि पोरांच्या हातात तगरीच्या कळ्या!

"हे काय चाललंय, गुर्जी?" भगतानं विचारलं.

"विज्ञानाचा पाठ आहे. नारळाआधी गावाला दाखवतो." गुरुजींचा आवाज वर्गात शिकवताना असायचा तसाच होता, थकलेला आणि सरळ. "सांगा, कोणती कळी पाडायची?"

एक म्हातारा गमतीनं म्हणाला, "उजवी!" पोरांनी कळ्या लावल्या. पाट्यांवर ऊन होतं. बघता बघता सगळ्यांच्या उजव्या कळ्या गळाल्या. "आता डावी!" बायका म्हणाल्या. डाव्या गळाल्या. सगळीकडं हशा उठला. एक पोरगं ओरडलं, "आये, माजी पाटी देवी झाली!"

"काही जादू नाही," गुरुजी म्हणाले. "जी ठेवायची तिला खळ, जी पाडायची तिला पाणी."

भगताचा चेहरा काळानिळा पडला. "पाटी आन् माउली एक का? आरं, हा देव न मानणारा मानूस! ह्याला आपल्या आईचं काय कळनार? आईचा कोप व्हईल, गाव जळंल!"

हसू थांबलं. माणसं एकमेकांकडं बघू लागली. कोणीतरी मागून म्हणालं, "गुर्जी, देवीचं नाव घेऊ नका." गुरुजींना हे वळण ओळखीचं होतं. आता आवाज चढणार, मग हेडमास्तर मध्ये पडणार, मग बदली.

"मी देवीबद्दल एक शब्द बोलत नाही," ते म्हणाले. "तिच्या अंगाला मी बोटही लावणार नाही. तुमच्यातलंच कोणी जाऊन बघा. काशीची उजवी कळी रविवारी लावली. पाण्यानं लावलेली कळी किती वेळ टिकते ते आता पाहिलंत. आज गुरुवार. ती अजून तिथं का आहे?"

"पक्का नकार हाय म्हून!" भगत किंचाळला. "हात लावंल त्याचा वंश बुरंल!"

कोणीच हललं नाही. मग बायकांमधून ठकुबाई उठली. ती देवळाकडं चालू लागली आणि गाव तिच्यामागं गेलं. तिनं दारात चपला काढल्या, देवीला हात जोडले. "आई, माजं चुकत असंल तं मनाच दे काय द्यायचं ते. पोरीला नको," ती म्हणाली, आणि देवीच्या उजव्या खांद्यावरची वाळून काळी पडलेली कळी तिनं नखानं खरवडली. कळी सहज निघेना. निघाली तेव्हा तिच्या बुडाशी पांढरी खपली होती. ठकुबाईनं ती ओल्या बोटांत चोळली, नाकाशी नेली.

"खळ हाय," ती म्हणाली.

"निवेदाची पेज हाय ती!" भगत म्हणाला, पण त्याचा आवाज आता फुटत होता.

"मागावर आट वरसं ह्याच वासात बसतंय मी, भगता. मना नको शिकवू." ठकुबाई त्याच्याकडं वळली. "आन् पेज असंल, तं न पारायच्या कळीलाच निवेद का रं? दुसरी कळी काय सावत्र?"

लोक हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. भगत देवळाच्या मागच्या अंगानं कधी सटकला, ते कोणाला कळलं नाही.

तरी एकानं विचारलंच. "मंग निकाल कसा शंभर टक्के लागला? ते तं खोटं न्हाय ना?"

"खोटं नाही," गुरुजी म्हणाले. "गेल्या वर्षी कोणाकोणाची पोरं चौथीत होती?"

"माजा मोरू व्हता," राहीबाई म्हणाली.

"माजी कमळा."

"माजा बी नातू व्हता."

आवाज येत राहिले.

"यांतली परीक्षेला बसली कोण?"

आवाज कमी झाले.

"उरलेली आज कुठं आहेत?"

रस्त्यापलीकडून मागांची खडखड येत होती. राहीबाई तिकडं बघत हळूच म्हणाली, "कांडीवर."

"भगत पाढा ऐकायचा," गुरुजी म्हणाले. "अडखळणारं पोर तो खळ लावून घरी बसवायचा. पाढा येणारी तेवढीच परीक्षेला जायची आणि पास व्हायची. बसली तेवढ्यांचाच टक्का निघतो. सुपात तांदूळ पाखडून भुसा उडवायचा, आणि मग सुपात भुसा नाही म्हणून देवीचे आभार मानायचे, असला हा चमत्कार. पण तो भुसा नव्हता हो. ती आपली पोरं होती."

केसरीनाथ पायरीवर बसले होते. टोपी त्यांच्या हातात होती. "नावं सगळ्यांचीच पाठवलेली आहेत," ते खाली बघत म्हणाले. "न आलेल्यांना गैरहजर लावायची मला सवय झाली होती. उद्या सगळी पोरं येऊ शकतात."

ठकुबाई गुरुजींपुढं येऊन उभी राहिली. तिच्या बोटांना अजून खळ होती. "आन् गुर्जी, नापास झाली तं?"

"तर जूनमध्ये माझ्या वर्गात परत बसेल. ठकुबाई, नापास झालेलं पोर शाळेत परत येतं. घरी बसवलेलं पोर येत नाही."

ठकुबाई शेडकडं गेली आणि काशीला हाताला धरून घेऊन आली. दुसऱ्या दिवशी चौथीचा सगळा वर्ग भिवंडीला गेला. गोंधळलेली, रडवेली, सतराचा पाढा न येणारी, सगळी पोरं गेली. काशीला तिथं कोणी बोलायला सांगितलं नाही. तिनं लिहिलं.

काशी पास झाली. पण वर्गातली बरीच नापास झाली, आणि शाळेचा निकाल शंभरावरून धाडकन खाली आला. ढाल दुसऱ्या गावी गेली. साहेबांनी केसरीनाथांना पुन्हा झाडलं, आणि केसरीनाथांनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. चिंधू भगताचं म्हणाल, तर काही झालं नाही. म्हशीचं दूध आटलं की लोक अजून त्याला बोलावतात. मोरू, कमळा आणि त्यांच्याबरोबरची पोरं शेडमधून परत आली नाहीत. राहीबाई दोनदा शेडच्या दारापर्यंत गेली आणि दोनदा मागं फिरली. घरात त्यांच्या रोजाची सवय लागली होती. गुरुजींना ह्याचं फार वाईट वाटलं आणि ते वाईट वाटणं पुढं कधी गेलं नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा नापास झालेली पोरं चौथीच्या वर्गात नाक पुसत येऊन बसली. गुरुजींनी फळ्यावर पुन्हा सतराचा पाढा लिहायला घेतला. त्यांचा खांदा दुखत होता.

तेव्हा वाचकहो, एवढंच सांगायचं आहे. आपल्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला म्हणून कोणी पेढे वाटले, तर पेढा घ्या, पण तोंडात टाकायच्या आधी विचारा, बसली किती? शिकत होती किती? मधली कुठं गेली? हे विचारायला ना मंत्र लागतो ना पदवी. आणि उत्तर मिळालं नाही, तर देवळात जाऊ नका. त्या पोरांना शोधायला जा, ती फार लांब नसतात.